लाखात एक चूक

७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसून डॉ. जाक मारेस्को यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या रुग्णाचे पित्ताशय रोबोटच्या हातांनी काढले. हात हलवल्यापासून तो पडद्यावर दिसेपर्यंत सुमारे १५५ मिलिसेकंद जात, तेही खास राखून ठेवलेल्या फायबरवरून. हवेतल्या लहरींवर एवढी भिस्त ठेवायची तर नुसता डाउनलोडचा वेग कामाचा नाही. ५जीच्या सर्वांत कडक निकषात रेडिओच्या टप्प्याला १ मिलिसेकंद मिळतो आणि लाखात एकच पॅकेट चुकलेले चालते. ६जीला ते कोटीत एकापर्यंत आणायचे आहे. खरी अडचण इथेच आहे. हुकलेले पॅकेट पुन्हा पाठवावे तर वेळ जातो. आधीच दोन वाटांनी धाडावे तर मोलाचा स्पेक्ट्रम खर्ची पडतो. आमच्या मते हा खर्च टाळता कामा नये. वाचकहो, जाहिरातीतल्या वेगासोबत खात्रीचा आकडाही मागा.