४ जुलै आणि दोन वसाहती

४ जुलैला तुम्ही आतषबाजी बघायला जात असाल. पण १९४६ साली याच दिवशी फिलिपिन्स हा देश अमेरिकेपासून स्वतंत्र झाला, हे तुम्हाला माहीत आहे का? हो, अमेरिकेच्याही वसाहती होत्या! १८९८ साली स्पेनला हरवून अमेरिकेने फिलिपिन्स आणि ग्वाम ताब्यात घेतले.

दुसऱ्या महायुद्धात जपानने दोन्ही जिंकले. १९४३ मध्ये जपानने फिलिपिन्सला ‘स्वातंत्र्य’ दिलं, पण ते फक्त नावापुरतं. जपानी सैन्य तिथेच राहिलं. १९४४ मध्ये अमेरिकन सैन्य परत आलं.

काही जण म्हणतात, ‘युद्धामुळे वसाहती स्वतंत्र झाल्या.’ मला हे अर्धंच खरं वाटतं. युद्ध तर ग्वामनेही सोसलं. मग ग्वाम स्वतंत्र का झालं नाही? फिलिपिनो लोक अनेक वर्षं स्वातंत्र्य मागत होते. म्हणून युद्धाच्या आधीच, १९३४ च्या कायद्यात, अमेरिकेने त्यांना तसं वचन दिलं होतं. ग्वामला असं वचन मिळालं नव्हतं. १९५० मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. पण बेटावर राहणाऱ्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत आजही मत देता येत नाही.

ग्वाम लहान आहे, हे खरं. पण लहान बेटाच्या माणसांचे हक्क लहान नसतात. ग्वामचं पुढे काय व्हावं, हे ग्वामच्या लोकांनीच ठरवायला हवं. तुम्हाला काय वाटतं?