उत्तर लीड्सचा कौल

इंग्लंडांतील उत्तर लीड्स मतदारसंघांत ता. २९ जुलै १९०२ रोजीं पार्लमेंटची पोटनिवडणूक झाली. दोन वर्षांपूर्वीं जेथें हुजूरपक्ष २,५१७ मतांनीं विजयी झाला होता, तेथेंच उदारपक्षाचे रोलंड बॅरन ७५८ मतांच्या आधिक्यानें निवडून आले. बाल्फोर साहेबांस मुख्य प्रधान होऊन तीन आठवडेहि झाले नव्हते. धान्यावरील नव्या जकातीचा राग या निकालांत मुळींच नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. पण खरी झुंज झाली ती शिक्षणाच्या बिलावर.

त्या बिलांत होतें काय? १८७० च्या कायद्यानें लोकनियुक्त स्कूल बोर्डें स्थापन झालीं, व त्यांच्या शाळांत कोणत्याहि एका पंथाची प्रश्नोत्तरी शिकवूं नये असें ठरलें. बाल्फोर यांच्या बिलानें हीं बोर्डें मोडावयाचीं, आणि आंग्लिकन व रोमन कॅथोलिक शाळांचा चालू खर्चहि स्थानिक करांतून भागवावयाचा, असा बेत होता. शाळेचे चालक सहा. पैकीं चौघे पंथाचे, दोघे लोकांचे. मग शिक्षकाची नेमणूक कोणाच्या हातीं, हें सांगावयास वकील नको! ज्या खेड्यांत एकच शाळा व तीहि आंग्लिकनांची, तेथील बॅप्टिस्ट मजुरानें कर द्यावा, मूलहि तेथेंच पाठवावें, पण तें मूल पुढें त्याच शाळेचा हेडमास्तर होईल अशी आशा मात्र धरूं नये!

पंथशाळा दरिद्री होत्या व त्यांतील मुलांस बरें शिक्षण मिळावें हा हेतु वाईट नव्हता, हें आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो पैसा सर्वांचा आणि हुकमत एकाची, या व्यवस्थेस.

लीड्सच्या कौलानें बिल अडलें नाहीं; डिसेंबरांत त्याचा कायदा झाला. डॉ. क्लिफर्ड यांच्या अनुयायांनीं कर नाकारला. कित्येकांचीं चीजवस्त लिलावांत गेली, कांहीं तुरुंगांत गेले. १९०६ सालीं उदारपक्ष प्रचंड बहुमतानें अधिकारारूढ झाला, तरी त्याचें दुरुस्तीचें बिल लॉर्डांच्या सभेनें निकामी केलें.

तथापि लीड्सच्या मतदारास जाब विचारण्यास मतपेटी तरी होती. इकडे १८५४ च्या खलित्यानें सरकारी शाळा धर्मशिक्षणापासून अलिप्त ठेवल्या, आणि मिशनच्या शाळांस तिजोरींतून मदत देण्याची वाटहि त्यानेंच उघडली. ती तिजोरी भरणाऱ्या रयतेचें मत कोणीं घेतलें? १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमानें अनुदानित शाळेंत संमतीवांचून कोणावरहि धर्मपाठ लादतां येत नाहीं. परंतु शिक्षक कोणीं नेमावा, या लीड्सच्या प्रश्नाचें उत्तर त्या कलमांत नाहीं. अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या चालकमंडळांत करदात्याचीं माणसें किती, हें वाचकांनीं आपापल्या गांवच्या शाळेंत जाऊन विचारावें.