पार्किंग ग्राहकासाठी की प्रेक्षकांसाठी?

उप्पलच्या राजीव गांधी मैदानावर सामना असला की रामंतापूर, हबसीगुडा, नागोल या भागांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची त्रेधातिरपीट उडते. रस्ते वळवले जातात, रिक्षा मिळत नाही, पाहुण्यांना ‘आज येऊ नका’ असे कळवावे लागते. याविषयी आम्ही कुरकुर करणार नाही. खेळ व्हावेत, लोकांनी ते पाहावेत, शहराचे नाव व्हावे, याला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. हैदराबादचा मराठी माणूस क्रिकेटचा वैरी कधीच नव्हता. नोव्हेंबर 1955 मध्ये फतेह मैदानावर पॉली उम्रीगर यांनी न्यूझीलंडविरुद्ध 223 धावा काढल्या. कसोटीत भारतीयाने काढलेले ते पहिले द्विशतक. काचीगुडा, सुलतान बाजारातली जुनी मंडळी अजून त्या सामन्याविषयी बोलतात. तेव्हा गाडी कोठे लावायची हा प्रश्न बहुतेकांना पडत नसे, कारण गाडीच नव्हती.

आमचे म्हणणे आहे ते मैदानाजवळच्या दुकानांच्या आणि व्यापारी संकुलांच्या आवारातील पार्किंगविषयी. सामन्याच्या दिवशी तेथे दोन प्रकारचे कारभार चालतात आणि दोन्ही आपल्या सभासदांच्या वाट्याला आले आहेत.

पहिला प्रकार असा. एरवी ग्राहकांसाठी असलेल्या आवाराला दुपारपासून दोरी लागते आणि हातात पावतीपुस्तक घेतलेला एक तरुण उभा राहतो. पावतीवर ना दुकानाचे नाव, ना तारीख. आपले एक ज्येष्ठ सभासद औषधे आणायला अशाच एका संकुलात गेले. त्यांच्याकडे दोनशे रुपये मागितले गेले. औषधाचे बिल दाखवतो म्हटल्यावर उत्तर मिळाले, ‘आज बिल चालत नाही.’ मधुमेहाच्या गोळ्या न घेताच ते परतले.

दुसरा प्रकार याच्या उलट. दुकानदार ‘फक्त ग्राहकांसाठी’ अशी पाटी लावतो आणि सामना बघायला गेलेल्याची गाडी दिसली की रखवालदार तिच्या चाकाला साखळी घालतो. सामना संपल्यावर, रात्री साडेअकराला, बायकामुलांसह परत आलेल्या माणसाने पाचशे रुपये मोजले तरच कुलूप निघते. ज्याने गाडी लावली त्याची चूक आहेच, आम्ही ती झाकत नाही. पण चुकीची शिक्षा देण्याचा अधिकार त्या रखवालदाराला दिला कोणी?

कायदा काय म्हणतो ते पाहू. तेलंगण शासनाच्या नगरविकास खात्याने 20 मार्च 2018 रोजी शासन आदेश क्रमांक 63 काढला आणि तो त्याच वर्षी 1 एप्रिलपासून लागू झाला. मॉल, मल्टिप्लेक्स आणि व्यापारी संकुले यांच्यासाठी त्यात स्पष्ट सांगितले आहे की पहिल्या अर्ध्या तासाला कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत. अर्ध्या तासापासून एक तासापर्यंत कितीही रकमेचे खरेदीचे बिल दाखवले तरी पार्किंग फुकट. एक तासाच्या पुढे, बिलाची किंवा सिनेमाच्या तिकिटाची रक्कम पार्किंगच्या आकारापेक्षा जास्त असेल तर तेव्हाही फुकट. एकपडदा चित्रपटगृहांना 2021 मध्ये यातून सूट मिळाली. मॉल आणि मल्टिप्लेक्स यांना मिळाली नाही. तेव्हा ‘आज बिल चालत नाही’ हे वाक्य सरळसरळ बेकायदा होते.

आदेश चांगला आहे, पण तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रोजचा बाजार होता, सामन्याचा दिवस नव्हता. रोज गाडी लावणारा बहुधा ग्राहक असतो. सामन्याच्या दिवशी हिशेब उलटतो. बिल दाखवणाऱ्या ग्राहकाकडून एक पैसा मिळायचा नसतो आणि पाच तास गाडी ठेवणाऱ्या, काहीही खरेदी न करणाऱ्या प्रेक्षकाकडून आकार घ्यायला आदेशाने मोकळीक ठेवलेली असते. मग जागेच्या मालकाला कोण हवासा वाटेल? ग्राहकाच्या रक्षणासाठी काढलेल्या आदेशामुळे त्या एका दिवशी ग्राहकच नकोसा होतो. ही फट बुजवायला हवी आणि ती शासनच बुजवू शकते.

ही जागा मालकाने मेहेरबानी म्हणून सोडलेली नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. 2012 च्या बांधकाम नियमांप्रमाणे (शासन आदेश क्रमांक 168) व्यापारी इमारतीला पार्किंगची जागा ठेवावीच लागते. त्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही. जी जागा दाखवून परवानगी मिळवली, तीच जागा वर्षातले काही दिवस दुसऱ्याच धंद्याला द्यायची, हे कोणत्या न्यायात बसते? गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जुलै 2019 मध्ये मॉलना पार्किंगचे पैसे घ्यायला मनाई केली होती. आपल्या बडोद्याच्या बांधवांना तो निकाल आठवत असेल.

आता साखळीविषयी. मोटार वाहन कायदा 1988, कलम 127. मनाई असलेल्या जागी उभी केलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तास बेवारशी पडलेली गाडी उचलून नेण्याची अथवा चाकाला कुलूप घालून जखडण्याची परवानगी गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. दुकानाचा रखवालदार, ठेकेदाराची माणसे, पावतीवाला तरुण यांचा त्यात उल्लेख नाही. मालक आपल्या आवारात परक्या गाडीला मज्जाव करू शकतो, तो त्याचा हक्क आहे. आत आलेल्या गाडीविषयी पोलिसांना कळवू शकतो. पण गाडी ओलीस धरून पैसे उकळणे याला दंड म्हणत नाहीत. त्याला दुसरा शब्द आहे.

ज्यांची मुले इंग्लंडात आहेत त्यांना तिकडची हकीकत ठाऊक असेल. तेथेही फुटबॉलच्या मैदानांजवळ दुकानांची आवारे आहेत, सामन्याच्या दिवसाच्या पाट्या आहेत आणि चाके जखडणाऱ्या खासगी टोळ्याही होत्या. 1 ऑक्टोबर 2012 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत चाक जखडण्यावर कायद्याने बंदी आली. त्याऐवजी नोटीस पाठवून पैसे मागायचे. चेम्सफर्डच्या एका दुकानसंकुलात दोन तास फुकट पार्किंग होते आणि एका गृहस्थांची गाडी तेथे 56 मिनिटे जास्त राहिली. त्यांच्यावर 85 पौंडांची आकारणी झाली आणि नोव्हेंबर 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हा इंग्लंडने सारे गुण्यागोविंदाने सोडवले असे आम्ही म्हणत नाही. नोटिसा पाठवणाऱ्या कंपन्यांचा तेथे मोठा व्यवसायच झाला आहे. पण निदान ज्याला नोटीस मिळते त्याला दाद मागता येते, आणि मध्यरात्री मुलांना घेऊन साखळीपुढे उभे राहावे लागत नाही.

छोट्या दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे, कारण आपल्यापैकी कित्येक जण स्वतः दुकानदार आहेत. किराणा किंवा औषधाचे दुकान, समोर चार गाड्यांची जागा. दुपारी दोनला चार प्रेक्षक गाड्या लावून जातात ते रात्री बारापर्यंत फिरकत नाहीत. त्या दिवशीचा धंदा बुडाला. पोलिसांना फोन करावा तर सारे पोलीस मैदानाच्या दारांवर. अशा वेळी तो साखळीकडे वळतो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्या हाकेला धावून येईल असे पोलिसांचे एखादे फिरते पथक त्या दिवशी दुकानांच्या गल्ल्यांसाठी राखून का ठेवू नये?

आणि मुळात 39 हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतील अशा मैदानाची तिकिटे जे विकतात, त्यांनी गाड्यांची जबाबदारी आजूबाजूच्या औषधाच्या दुकानांवर का टाकावी? मैदानाच्या हाकेवर मेट्रोचे स्टेशन आहे, त्याचे नावच स्टेडियम. सामन्याच्या तिकिटातच मेट्रोचा प्रवास धरला, तर निम्म्या गाड्या घरीच राहतील असे आम्हाला वाटते.

हा प्रश्न उप्पलपुरता नाही. फतेह मैदान, म्हणजे आजचे लालबहादूर स्टेडियम, याच्या तर भिंतीतच दुकाने आहेत. तेथे आता कसोटी सामने होत नाहीत, सरकारी कार्यक्रम आणि सभा होतात. 7 डिसेंबर 2023 चा मुख्यमंत्र्यांचा शपथविधीही तेथेच झाला. सभा कोणत्याही पक्षाची असो, कार्यकर्त्यांच्या गाड्या आबिड्स, बशीरबागच्या दुकानांपुढेच लागतात आणि त्यांना साखळी घालण्याची हिंमत कोणताही रखवालदार करीत नाही. मते मागायला येणाऱ्या सर्वच पक्षांच्या उमेदवारांना आपण हे ऐकवले पाहिजे.

शासन आदेश 63 मध्ये सामन्याच्या आणि सभेच्या दिवसांसाठी वेगळे कलम घालावे, त्या दिवशी ठरावीक जागा ग्राहकांसाठी राखून ठेवण्याचे बंधन मालकावर असावे, आणि खासगी माणसाने चाकाला साखळी घातल्यास पोलिसांनी गुन्हा नोंदवावा, असे निवेदन मंडळातर्फे नगरविकास खात्याला आणि वाहतूक पोलिसांना देण्यात येणार आहे. त्यासाठी पुरावा हवा. ज्या सभासदांकडे अशा पावत्या असतील त्यांनी त्या फेकू नयेत. मागे तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून, खरेदीचे बिल असल्यास तेही जोडून, मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्यात. ज्यांना पावतीच मिळाली नाही त्यांनी तसे लिहून द्यावे.