न विचारलेल्या प्रश्नाची चाळीस वर्षे

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ३० ऑगस्ट २०२२ रोजी न्या. इयन हॅरिसन यांनी सुमारे पाच तास निकालपत्र वाचले आणि ख्रिस डॉसन या निवृत्त शिक्षकाला पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरविले. आरोपीचे वय त्या दिवशी ७४ होते. ज्या गुन्ह्यासाठी तो दोषी ठरला, तो घडला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. मृतदेह सापडलेला नव्हता आणि आजही सापडलेला नाही. हत्यार नव्हते, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नव्हता, आरोपीचा कबुलीजबाबही नव्हता. चाळीस वर्षे धूळ खात पडलेले प्रकरण उकलले म्हणून या निकालाचे जगभर कौतुक झाले. ते अनाठायी नव्हते. परंतु निकालपत्रातील पुराव्याकडे बारकाईने पाहिले तर कौतुकापेक्षा अस्वस्थता अधिक वाटते. कारण हा खून शाबीत करण्यास जे उपयोगी पडले, त्यातील बराचसा भाग १९८२ मध्येच विचारणाऱ्याला कळू शकला असता.

लिनेट डॉसन ही व्यवसायाने परिचारिका. पुढे ती एका बालसंगोपन केंद्रात काम करू लागली. १९७० मध्ये विवाह झाला, आणि अनेक वर्षे वाट पाहिल्यावर तिला दोन मुली झाल्या. पती सिडनीच्या उत्तर किनाऱ्यावरील एका सरकारी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होता. त्यापूर्वी रग्बी लीगचा खेळाडू म्हणून त्याचे नाव झालेले होते. या शिक्षकाने आपल्याच शाळेतील एका विद्यार्थिनीशी संबंध जोडले. मुलींना सांभाळण्याच्या निमित्ताने ती घरी येऊ लागली आणि पुढे काही काळ त्या घरात राहिलीही. डिसेंबर १९८१ मध्ये डॉसन तिला घेऊन क्वीन्सलंडकडे निघाला होता, पण अर्ध्या वाटेवरून दोघे परतले. ८ जानेवारी १९८२ रोजी पतिपत्नी विवाहविषयक सल्लागाराकडे गेली. संसार सावरेल अशी आशा लिनेटला वाटत होती. त्याच संध्याकाळी ती आपल्या आईशी दूरध्वनीवर बोलली. त्यानंतर तिचा आवाज तिच्या माहेरच्या कोणीही ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी नॉर्थब्रिज येथील पोहण्याच्या तलावावर आई तिला भेटण्यासाठी आली. लिनेट आली नाही. तिचा दूरध्वनी आला होता, तिला विचार करण्यास थोडा अवधी हवा आहे, असे डॉसनने सांगितले. थोड्याच दिवसांत ती विद्यार्थिनी त्या घरात राहावयास आली. पत्नी बेपत्ता असल्याची वर्दी पतीने १८ फेब्रुवारीला, म्हणजे सहा आठवड्यांनी दिली. मार्चमध्ये त्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तिला परत येण्याची विनवणी केली. विनवणी छापून आली तेव्हा दुसरी स्त्री त्याच्या घरात नांदत होती.

हे सारे घडत असताना पोलिसांनी काय केले? त्यांनी नोंद केली, आणि पतीने सांगितलेली हकीगत हीच घटनेची हकीगत म्हणून स्वीकारली. पत्नी स्वखुशीने निघून गेली, असे एकदा गृहीत धरल्यावर तपासाचे प्रयोजनच उरले नाही. लहान मुलींवर जीव असलेली आई कपडे, दागिने मागे ठेवून, माहेरी एक शब्दही न कळविता कायमची कशी निघून जाईल, हा प्रश्न तिच्या परिचितांना पडत होता. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका मैत्रिणीने १९८५ मध्ये लोकपालाकडे तक्रारही केली. पोलीस ठाण्याच्या दप्तरात मात्र या प्रश्नाला जागा मिळाली नाही.

कायद्याच्या इतर यंत्रणांचे वर्तन याहून वेगळे नव्हते. ऑस्ट्रेलियाने १९७५ च्या कौटुंबिक कायद्याने दोषाचा पुरावा न मागता, बारा महिन्यांच्या विभक्ततेच्या आधारे विवाहविच्छेद देण्याची पद्धत स्वीकारली. ही सुधारणा स्वागतार्ह होती. न्यायालयात परस्परांची अब्रू काढण्याच्या प्रकारातून तिने हजारो दांपत्यांची सुटका केली. परंतु एक पक्ष बेपत्ता असेल, तर तो पक्ष कोठे आहे, हे विचारण्याचे काम या पद्धतीत कोणाकडेच नव्हते. १९८३ मध्ये लिनेटच्या गैरहजेरीत तिचा विवाह संपुष्टात आला. १९८४ मध्ये डॉसनने त्या विद्यार्थिनीशी विवाह केला. जिचा खून झाला होता, ती कागदोपत्री केवळ एक माजी पत्नी झाली. संसार सोडून गेलेली, म्हणून थोडीशी दोषीही!

१९९० मध्ये हा दुसरा विवाहही मोडला. त्या स्त्रीने पोलिसांकडे जाऊन निवेदन दिले, आणि आठ वर्षांनी प्रथमच कोणीतरी डॉसनला प्रश्न विचारले. तथापि तो तपास थोड्याच काळात थांबला. १९९८ मध्ये एका चिकाटीच्या अधिकाऱ्याने तो नव्याने हाती घेतला. २००१ आणि २००३ अशी दोन वेळा कोरोनरची चौकशी झाली. मुंबईत कोरोनरचे पद दीर्घकाळ अस्तित्वात असल्याने या चौकशीचे स्वरूप जुन्या वाचकांच्या परिचयाचे आहे. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच निघाला: लिनेट मृत असून परिचित व्यक्तीवर खुनाचा आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे. दोन्ही वेळा सरकारी अभियोग संचालकांनी पुरावा अपुरा आहे, असे सांगून खटला भरण्यास नकार दिला.

२०१५ मध्ये पोलिसांनी पुन्हा तपास सुरू केला. २०१८ मध्ये ‘द ऑस्ट्रेलियन’ या दैनिकाचे पत्रकार हेडली थॉमस यांनी या प्रकरणावर ‘द टीचर्स पेट’ ही पॉडकास्टमालिका प्रसृत केली. ती कोट्यवधी वेळा ऐकली गेली, लोकमत खवळले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये डॉसनला क्वीन्सलंडमध्ये अटक झाली. या मालिकेमुळेच न्याय झाला, असा समज त्यामुळे सर्वत्र पसरला. तो अर्धाच खरा आहे. थॉमस यांनी जुने साक्षीदार बोलते केले आणि विस्मृतीत गेलेले प्रकरण लोकांपुढे आणले, हे मान्य केले पाहिजे. परंतु पोलिसांचा तपास मालिकेपूर्वीच चालू होता. शिवाय मालिकेने आरोपीला खटल्याआधीच दोषी ठरविले होते. २०२० मध्ये खटला कायमचा थांबवावा, असा अर्ज बचाव पक्षाने केला. न्यायालयाने तो अमान्य केला आणि केवळ काही महिन्यांची स्थगिती दिली. त्या वेळी न्यायालयाने या प्रसिद्धीवर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. अखेर ज्यूरीविना, एकट्या न्यायमूर्तींपुढे खटला चालवावा लागला. न्यायाला साहाय्य करू पाहणारी मालिका न्यायाच्या वाटेतील धोंड ठरण्याच्या बेतात होती. शासनाची यंत्रणा झोपली की तिचे काम इतर लोक आपल्या पद्धतीने करू लागतात, आणि ती पद्धत नेहमीच न्यायाची नसते.

न्या. हॅरिसन यांनी मात्र हा सारा गदारोळ बाजूला ठेवला. सरकारी पक्षाची प्रत्येक गोष्ट त्यांनी मान्य केली असेही नाही. कोणतीही एक घटना निर्णायक नाही, पण सर्व घटना एकत्र पाहिल्या असता संशयाला वाजवी जागा उरत नाही, असा त्यांच्या निर्णयाचा गाभा आहे. लिनेटचे दूरध्वनी आले, ही डॉसनची कथा त्यांनी असत्य ठरविली. ती नंतर कोठे कोठे दिसल्याच्या साक्षी त्यांनी विश्वसनीय मानल्या नाहीत. मुलींना सोडून ती स्वखुशीने गेली, हेही त्यांना पटले नाही. हे सर्व मुद्दे कोणत्या काळातील आहेत? दूरध्वनींची कथा जानेवारी १९८२ मधील. मागे राहिलेल्या वस्तू त्याच महिन्यातील. विद्यार्थिनीचे घरात येणे त्याच महिन्यातील. कोणत्याही प्रयोगशाळेने नवा शोध लावून हे प्रकरण उकलले नाही. जुनीच माहिती प्रथमच सलगपणे तपासली गेली, एवढेच.

ज्याला ‘थंड पडलेले प्रकरण’ म्हणतात, ते पुष्कळदा पुराव्याअभावी थंड पडत नाही. पुराव्याकडे पाहण्याची इच्छा थंड पडते. मग काळ आपले काम करतो. साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात, आठवणी पुसट होतात. लिनेटची आई निकालाच्या कितीतरी आधी वारली. मुली आईने आपल्याला टाकले, या समजुतीत लहानाच्या मोठ्या झाल्या. घराभोवतीची जमीन खणूनही मृतदेह हाती लागला नाही. आणि विलंबाची झळ आरोपीलाही पोहोचते, हे विसरून चालणार नाही. बचावाला उपयोगी पडू शकेल असा पुरावाही चाळीस वर्षांत नाहीसा होतो. डॉसनच्या अपिलात हा मुद्दा होता. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ते एकमताने फेटाळले. तथापि मुद्दा गैरलागू होता, असे नाही. तत्परतेने केलेला तपास निरपराध माणसाचेही संरक्षण करतो.

घराच्या चार भिंतींआड घडलेल्या मृत्यूचा न्याय कसा करावा, हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढेही वारंवार आला आहे. पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आणि पतीला निर्दोष ठरविले. पुराव्याची साखळी पूर्ण हवी, आरोपीच्या निर्दोषतेशी सुसंगत अशी कोणतीही शक्यता तिच्यात उरता कामा नये, हे त्यातील सार आहे. २००६ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या दुसऱ्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, गुन्हा घराच्या आत घडला असेल, तर त्याची हकीगत सांगण्याची जबाबदारी घरात असलेल्या माणसावर येते. गप्प राहून किंवा खोटे सांगून त्याला सुटता येणार नाही. सिद्ध करण्याचा मूळ भार सरकारवरच राहतो, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. वरवर पाहता हे दोन निकाल परस्परांपासून दूर वाटतात. वस्तुतः ते एकमेकांना पूरक आहेत. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे पहिला सांगतो. संशय आला की प्रश्न विचारलाच पाहिजे, हे दुसऱ्यातून सूचित होते. सिडनीत पहिल्या तत्त्वाचे पालन झाले, ते २०२२ मध्ये. दुसऱ्याचा विसर पडला होता, तो १९८२ मध्ये.

हा विसर का पडला? प्रतिष्ठित नोकरी, खेळातील कीर्ती आणि सभ्य वस्ती यांचे कवच माणसाभोवती असले, की त्याच्या शब्दाला पुराव्याचे मोल येते. बायको रागावून गेली असेल, येईल परत, हे वाक्य कोणत्याही भाषेत सहज उच्चारले जाते आणि तितक्याच सहजपणे ऐकून घेतले जाते. शाळेचेही तसेच झाले. शिक्षकाचे विद्यार्थिनीशी असलेले संबंध हा गुरूच्या अधिकाराचा दुरुपयोग आहे, असे न मानता ती एक भानगड मानली गेली. त्या मुलीसंबंधीच्या गुन्ह्याबद्दलही डॉसनला २०२३ मध्ये शिक्षा झाली. म्हणजे तो हिशेब पुरा होण्यासही चार दशके लागली. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज होऊनही जेव्हा कोणी लेखी तक्रार करीत नाही, तेव्हा त्या मौनाची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो.

डिसेंबर २०२२ मध्ये डॉसनला २४ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने मृतदेह कोठे आहे, हे न सांगणाऱ्या खुन्याला पॅरोल नाकारणारा कायदा केला. लिनेटच्या नावानेच तो ओळखला जातो. हा कायदा योग्य आहे, पण तो शिक्षा झाल्यानंतरचा आहे. खरी गरज आहे ती पहिल्या आठवड्यातील नियमाची. बेपत्ता व्यक्तीची वर्दी उशिरा का आली, हे विचारावे. तिला शेवटचे कोणी पाहिले, याची खातरजमा वर्दी देणाऱ्याच्या शब्दावर न सोडता स्वतंत्रपणे करावी. माहेरच्या माणसांचे जबाब त्याच आठवड्यात घ्यावेत. वर्दी देणारा आणि तिच्या नाहीसे होण्याने ज्याची सोय झाली तो, ही दोन्ही एकच व्यक्ती असेल, तर अधिक काळजीपूर्वक चौकशी करावी. यातील कोणत्याही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही की मोठा खर्च येत नाही.

प्रत्येक पोलीस ठाण्यात बेपत्ता माणसांची एक नोंदवही असते. तिच्यातील बहुतेक माणसे घरी परततात, काही खरोखरच स्वतःचा मार्ग शोधीत निघून गेलेली असतात. परंतु काही नोंदींच्या मागे लिनेट डॉसनसारखी स्त्री असते, जिच्या वतीने बोलायला कोणी नसते आणि जिच्याविषयी सांगायला केवळ तिचा पती असतो. त्या दोन प्रकारच्या नोंदी वेगळ्या करण्याचे काम कोणाला तरी वेळेवर करावे लागते. सिडनीत ते झाले नाही. परिणामी ज्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास जानेवारी १९८२ मध्ये काही आठवडे पुरले असते, त्याला चाळीस वर्षे लागली.