आठवणीचा चौकोन

शिक्षक मित्रांनो, कधी ना कधी आपल्या वर्गात असं एखादं लेकरू येतं, ज्याच्या घरातलं जवळचं माणूस नुकतंच गेलेलं असतं. आपण सांगतो, "रडू नको, शहाणा ना तू!" मूल गप्प होतं. पण गप्प झालं म्हणजे सावरलं, असं नसतं. माझं मत असं, की अशा मुलाच्या हातात सुईदोरा द्यावा.

आमच्या निमगाव सावासारख्या गावांत गोधडी काही नवी नाही. मऊ पडलेल्या सुती लुगड्यांचे थर, वर जुन्या कपड्यांची ठिगळं आणि सगळ्यांना धरून ठेवणारा धावदोरा. आजी गेली तरी तिचं लुगडं नातवंडांच्या अंगावर राहतं.

शिवताना हात एका लयीत चालतात, नजर टाक्यावर असते. त्यामुळे विचारून न निघणारं दुःख ओघात बोललं जातं. "हा तुकडा बाबांच्या शर्टाचा" एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं.

जगातही हेच दिसतं. चिलीत १९७३च्या लष्करी उठावानंतर बेपत्ता झालेल्यांच्या घरच्या बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून आपली व्यथा मांडली. त्या कापडचित्रांना 'आर्पिलेरा' म्हणतात. अमेरिकेत एड्सने गेलेल्यांच्या आठवणीची प्रचंड गोधडी १९८७ साली वॉशिंग्टनमध्ये मांडली गेली. तिचा एकेक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे जवळपास कबरीएवढा.

मग आपण काय करायचं? कार्यानुभवाच्या तासाला सगळ्या वर्गाला 'आठवणीचा चौकोन' करायला द्या. आवडत्या माणसाच्या जुन्या कपड्याचा तुकडा प्रत्येकाने आणायचा. माणूस हयात असो वा नसो. म्हणजे दुःखातलं मूल एकटं पडत नाही. पहिली-दुसरीची मुलं तुकडे कागदावर चिकटवतील, तिसरी-चौथीची पिशवीवर टाचतील. मुलगेही शिवतील बरं का!

मात्र घरच्यांना आधी विचारा. काही घरांत गेलेल्या माणसाचे कपडे ठेवत नाहीत, तिथे साधं कापड चालेल. कोणाला बोलायचं नसेल तर खोदून विचारू नका. या कामाला गुण देऊ नका.

सुई म्हणजे औषध नव्हे. मूल आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल तर पालकांशी बोला, डॉक्टरांकडे पाठवा. सरकारची 'टेलि-मानस' मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे. पण तोवर रोज भेटणारा माणूस म्हणजे आपणच. आठवड्यातला एक तास त्याच्यासाठी काढायला काय हरकत आहे?