हे केस कोणाचे?

१:७२ या प्रमाणात सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. १९६५च्या युद्धात नावाजलेले भारतीय हवाई दलाचे छोटेखानी 'नॅट' विमान या मापाने तळहातावर बसते. मग त्याची चाके आणि आसन केवढे असेल! शिरूर कासार या गावाच्या नावातच धातूचा धंदा आहे. तेथील सराफी पेढीवर वाढणाऱ्या मुलाला बारीक वस्तू चिमट्याने उचलण्याचे नवल नसावे. पण विमानाचा संच जोडताना चिमटा जरा घट्ट दाबला, की प्लास्टिकचा हलका भाग टुणकन उडतो आणि फरशीवर कुठेच सापडत नाही.

म्हणून उंच काठाच्या ताटात पांढरे कापड अंथरून काम करावे. भाग चौकटीपासून पिळून तोडू नये. थोडे अंतर राखून कापावा आणि उरलेला खुंट घासून काढावा. अगदी बारीक भाग चौकटीला असतानाच रंगवलेले बरे. तत्पूर्वी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावेत, कारण साच्याचा तेलकटपणा रंग धरू देत नाही. रंग दुधासारखा पातळ हवा. एकाच जाड हाताने नक्षी बुजते, दोन पातळ हातांत ती टिकते. मधल्या वेळेत बोट न लावणे हेच सर्वांत अवघड! वैमानिकावरच्या पारदर्शक छताला सुपर ग्लू लावू नये, त्याच्या वाफेने ते धुरकटते. पांढरा गोंद वाळल्यावर दिसत नाही.

राहिला कुंचला. राईएवढा ठिपका देण्यास अणकुचीदार टोक लागते, आणि जैन घरात येथे विचारावेच लागते : हे केस कोणाचे? परदेशी 'कोलिन्स्की' कुंचला वीझल जातीच्या प्राण्याच्या शेपटीचा असतो. आपल्याकडे उत्तम कुंचल्यासाठी मुंगसे मारली गेली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये मुंगूस संरक्षित असून त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. तरीही असे कुंचले छाप्यांत सापडत आले आहेत. ज्यांचे स्टेशनरीचे दुकान आहे, त्यांनी आपल्याच फळीवरचा माल आधी पाहावा. टोकाला गडद, मध्ये फिकट आणि मुळाशी पुन्हा गडद असा केस दिसला, तर तो माल घेऊ नये. शंका असल्यास एक तंतू जाळून पाहावा : नायलॉन वितळून त्याची गोळी होते, केस मात्र जळक्या केसाच्याच वासाने जळतो.

नायलॉनच्या कुंचल्याचे टोक काही दिवसांनी आकड्यासारखे वळते, ही तक्रार खरी आहे. ते क्षणभर गरम पाण्यात बुडवून बोटांनी सरळ करावे आणि कुंचला आडवा वाळवावा.