मैदान फक्त ईदच्या सकाळपुरतं मागू नका

नेहरूनगरचं अण्णासाहेब मगर स्टेडियम पिंपरी-चिंचवडबाहेरच्या बहुतेकांना २०२० मध्ये माहीत झालं, तेही खेळामुळे नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत तिथं ८०० खाटांचं जम्बो रुग्णालय उभं राहिलं. तेव्हा त्या मैदानाचा उपयोग झाला आणि योग्यच झाला. प्रश्न त्यानंतरचा आहे. गॅलऱ्या जुन्या झालेल्या, पुनर्विकासाची चर्चा अधूनमधून होते आणि विरते. महापालिकेच्या, म्हणजे आपल्या करातून उभ्या राहिलेल्या या जागेचं पुढं काय करायचं, हे ठरताना आपण कुठं असणार आहोत?

ज्यांचं नाव या स्टेडियमला आहे, त्या अण्णासाहेब मगरांच्या पुढाकारानं १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं एकत्र येऊन नगरपालिका झाली. कारखान्यांच्या भोवती वाढणाऱ्या कामगारांच्या वस्तीला शहराचं रूप द्यायचं, हा त्यामागचा विचार. स्टेडियमचा निर्णय घेताना एवढं आठवलं तरी अर्धं काम होईल. हे शहर पाळीवर चालतं. पहिल्या पाळीचा मुलगा दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटतो, रात्रपाळीचा सकाळी सातला. चाकणला कंत्राटी कामावर जाणारा पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसतो आणि परतेपर्यंत अंधार पडलेला असतो. त्यांच्या वेळेला उघडं असलेलं सार्वजनिक मैदान किती जणांना माहीत आहे? मला विचाराल तर यातल्या बहुतेकांचं मैदान म्हणजे फ्लायओव्हरखालची जागा.

स्टेडियमचं नाव निघालं की एक उत्तर हमखास येतं: आंतरराष्ट्रीय दर्जाचं करा. हे शब्द ऐकले की मला थोडी भीती वाटते. शहराच्या वेशीवर गहुंजेला महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम आहे, २०१२ पासून तिथं आंतरराष्ट्रीय सामने होतात. नेहरूनगरमध्येच मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे, तिथं राष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत. पलीकडं बालेवाडी आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धा आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथं झाल्या. मोठी स्टेडियमं आपल्याला कमी नाहीत. आपण कमी पडतो ते साध्या मैदानात: सपाट जमीन, पाणी, दिवे, स्वच्छ संडास आणि कुलूप नसलेलं गेट.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एखादा सर्व्हर किती मोठा आहे यापेक्षा तो दिवसातले किती तास खरोखर वापरला जातो, हे आधी पाहतात. स्टेडियमचा हिशेबही तसाच करा. मोठ्या सामन्यात बावीस जण खेळतात आणि हजारो बसून बघतात, तेही वर्षातले मोजके दिवस. तेच मैदान सकाळी सहा ते रात्री दहा उघडं ठेवलं, पावसाळ्याचे आणि दुरुस्तीचे दिवस वगळून वर्षाला ३०० दिवस धरले, तर ४,८०० तास होतात. त्या प्रत्येक तासाला पन्नास जण जरी धावले-खेळले, तरी त्या जागेचं सोनं झालं. या हिशेबात खुर्च्या कुठंच येत नाहीत.

दुसरं उत्तर असतं खासगी भागीदाराचं. महापालिकेकडं देखभालीला पैसे नाहीत, मग एखाद्या संस्थेला चालवायला द्या. मी या पर्यायाच्या सरसकट विरोधात नाही. बाहेरच्या बाजूला चार दुकानं काढली आणि त्या भाड्यातून माळ्याचा पगार निघाला तर काय बिघडलं? पण करारात काय लिहिलंय ते आधी लोकांसमोर यायला हवं. लंडनचं ऑलिम्पिक स्टेडियम पाहा. २०१२ च्या स्पर्धांनंतर त्याच्या फेरबदलावर ३२ कोटी पौंडांहून जास्त खर्च झाला, आणि ते वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबला ९९ वर्षांसाठी मिळालं, वर्षाला साधारण २५ लाख पौंड भाड्यानं. करार आधी गुप्त होता. फुटबॉलप्रेमींच्या संघटनांनी माहिती अधिकारासाठी लढा दिल्यावर २०१६ मध्ये तो जाहीर झाला. तेव्हा कळलं की खर्चाचा मोठा भार सरकारी तिजोरीवरच आहे. इंग्लंडसारख्या देशात हे होऊ शकतं, तर आपल्याकडच्या करारातली बारीक अक्षरं कोण वाचणार? आपल्यालाही २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांत अर्ज होतो. मुंबईत ‘काळजीवाहू’ म्हणून दिलेल्या काही मोकळ्या जागांवर पुढं क्लब उभे राहिले, हे तर अगदी घरचं उदाहरण.

आणि सरकारी ताब्यात राहिलं की आपोआप लोकांचं होतं, असंही नाही. जून २०२१ मध्ये बालेवाडीत नेत्यांच्या ताफ्यातल्या गाड्या थेट धावण्याच्या ट्रॅकवर गेल्या होत्या. क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. मे २०२२ मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमबद्दल बातमी आली की एका सनदी अधिकाऱ्याला कुत्रा फिरवता यावा म्हणून खेळाडूंना सायंकाळी सातलाच बाहेर काढलं जातं. बातमीचा गवगवा झाला आणि दिल्ली सरकारनं आपली क्रीडासंकुलं रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्याचा आदेश काढला. रागावलेल्या खेळाडूंना तीन तास जास्त मिळाले. मला या गोष्टीतला हा शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो.

आता थोडं आपल्या घरातलं.

मैदानाचा विषय निघाला की आपली मंडळी महापालिकेत किंवा पोलीस चौकीत जातात ती ईदच्या नमाजच्या परवानगीसाठी. जायलाच हवं. पण ईद वर्षातून दोनदा येते. उरलेल्या ३६३ दिवसांच्या मैदानावर आपला हक्क आहे, असं आपण कधी लेखी सांगितलंय का? त्या दिवसांचा विषय निघाला की आपण ‘ते नगरसेवक बघतील’ म्हणून मोकळे होतो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं सगळे अधिकार प्रशासकाकडं होते. तेव्हा आपल्या वतीनं बघणारं कुणी नव्हतं. विकास आराखड्यावरच्या रंगीत रेघांचा अर्थ आपल्यातल्या अनेकांना फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत बुलडोझर फिरल्यावर कळला. त्यानंतर मे २०२५ मध्ये शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला, हरकतींसाठी ६० दिवस होते, आणि तेव्हा मात्र लोक रांगा लावून अर्ज घेऊन गेले. दफनभूमी आणि घरं हे विषय तातडीचेच आहेत. खेळाचं मैदान त्या यादीत शेवटी असतं किंवा नसतंच.

मुलींचं तर विचारूच नका. हजरत आयेशा (रजि.) आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यातल्या धावण्याच्या शर्यतीचा प्रसंग आपल्याकडं कौतुकानं सांगितला जातो. पण नववीतल्या मुलीला ट्रॅकवर पाठवायची वेळ आली की घरात विषय बदलतो. दोष सगळा घरच्यांचा नाही. जिथं मुलींना कपडे बदलायला खोली नाही, संडासाला कडी नाही, परतीच्या रस्त्यावर दिवा नाही, तिथं कुठल्याही धर्माचे आई-वडील मुलीला पाठवायला कचरतात. या तीन गोष्टी केल्या, आठवड्यातले ठरावीक तास महिला प्रशिक्षक ठेवली, तर किती ‘परंपरा’ आपोआप सैल होतील ते पाहा.

काही मित्र म्हणतात, सगळ्यांना फुकट खुलं करा, नियमच नकोत. हे मला पटत नाही. नियम नसलेलं मैदान दांडगटांचं होतं. ज्याच्या नावाचा फ्लेक्स मोठा त्याची टेनिस बॉल टुर्नामेंट चालते आणि बारा-तेरा वर्षांची पोरं भिंतीवर बसून बघतात. आपल्या मोहल्ल्यातही हेच चालतं, तिथं दादा आपलाच असतो एवढंच. म्हणून तासांचं वेळापत्रक हवं आणि कुणाला कधी मैदान दिलं, ती नोंदवही गेटवर लावलेली हवी. यासाठी ॲप करा म्हणणारे भेटतात. ॲप मी आठवड्यात करून देईन, पण गॅरेजमधल्या पोराला खिडकीवर चिठ्ठी मिळाली तरच ते मैदान त्याचं. नाहीतर खासगी टर्फ आहेतच. आम्ही कंपनीतले बारा जण वर्गणी काढून तासाला हजार-बाराशे देतो. ते आम्हाला परवडतं.

नियम काय आहे, तेही समजून घ्या. विकास आराखड्यातलं मैदानाचं आरक्षण बदलायचं असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणं नोटीस काढावी लागते आणि हरकती-सूचनांसाठी महिनाभर द्यावा लागतो. अर्ज कुणीही करू शकतो. त्यासाठी पुढारी किंवा ट्रस्टी असावं लागत नाही. जागा दीर्घ मुदतीच्या भाड्यानं द्यायची असेल तर तो विषय महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढं येतो, आणि आता त्या सभेत बसणाऱ्यांना मत मागायला आपल्याच दारात यावं लागतं.

नोटीस निघायची वाट पाहायचीही गरज नाही. सूचना आजही देता येते. माझ्या अर्जात चारच मागण्या असतील: पाळीच्या कामगारांना सोयीची वेळ, मुलींसाठी खोली आणि संडास, गेटवर नोंदवही, आणि कुठलाही करार सहीच्या आधी संकेतस्थळावर. तुमचा अर्ज तुमच्या शब्दांत लिहा. एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्स एका गठ्ठ्यात जातात. बहिणीला तिचा वेगळा लिहायला सांगा, तिला काय नडतं ते तिला जास्त माहीत आहे. आणि शेजारच्या इमारतीतल्या सचिनलाही सोबत घ्या, संध्याकाळी खेळायला जागा त्यालाही मिळत नाही.